वाहने शून्य

आयर्लंडमध्ये ‘ग्रँड’ हा शब्द न वापरता जगलेला एकच माणूस मी पाहिला. ते आमचे डून लेरी ह्या बंदराच्या गावातले घरमालक. इथे कसे आहात विचारलं तर ग्रँड, चहा कसा झालाय तर ग्रँड, बस चुकली तरी ग्रँड. ह्यांना मात्र कसे आहात विचारलं की ते जरा थांबत, स्वतःची झडती घेतल्यासारखं करत आणि सांगत, “डावा गुडघा दुखतोय. बाकी तक्रार नाही.” ग्रँड म्हटल्याने समोरच्याला काहीच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि समोरच्याला काही कळणार नसेल तर तोंड कशाला उघडायचं?

मागच्या हिवाळ्यात ते गेले. आम्ही तोवर कॉर्कला राहायला आलो होतो. शेजारणीचा मेसेज आला, ‘युअर मॅन सकाळी गेला.’ इथे ‘तो अमका’ म्हणायचं असलं की ‘युअर मॅन’ म्हणतात, त्यात आपलेपणाचा काही संबंध नसतो. मला ते ठाऊक होतं. तरी डाळ गॅसवर तशीच ठेवून मी बराच वेळ बसून राहिले.

पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा दारात उभं राहूनच त्यांनी आमच्याकडे पाहत वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, फोन नंबर असेल. नंतर एकदा त्यांनी ती नोंद वाचून दाखवली तेव्हा कळलं, त्यात लिहिलं होतं : ‘११.२०. पायी, स्टेशनच्या बाजूने. पुरुष एक, स्त्री एक, लहान मुलगी एक. मुलीच्या बुटाची नाडी सुटलेली.’ आमच्याबद्दलचं त्यांचं पहिलं मत एवढंच. मत कसलं, नोंदच.

आम्ही वरच्या मजल्यावर, ते खाली. ते पुढच्या खोलीत खिडकीशी बसायचे आणि गल्लीत जे जे येईल-जाईल ते लिहायचे. कुरियरची गाडी, पार्सलं किती, थांबली किती मिनिटं. पोस्टमन, मांजर, बाबागाडी. गल्लीतल्या बायकांना ह्याचा ताप व्हायचा. माझा नवरा डार्टने, म्हणजे इथल्या लोकल गाडीने, शहरात कामाला जायचा. तो म्हणाला, “अगं, हा माणूस वियर्ड आहे. मी किती वाजता घरी येतो हे तुझ्यापेक्षा ह्याला जास्त माहितीय.” आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिला तो खेळ फार आवडला. शाळेतून येताना ती मुद्दाम दोनदा त्यांच्या खिडकीपुढून जायची आणि मला येऊन सांगायची, “आई, ही काउंटेड मी ट्वाइस!” मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची ती गल्लीतल्या पोरांसारखंच.

दुसरा विक्षिप्तपणा म्हणजे घराला फाटक नव्हतं. खांब होते, बिजागऱ्या होत्या, फाटक काढून मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेलं. कुत्री आत यायची, वाऱ्याने कचरा आत यायचा. नवऱ्याने एकदा बसवून देतो म्हटलं, तर ते म्हणाले, “नको. मला ते उघडायला आवडत नाही.” एवढंच. आळशी असेल म्हातारा, असं आम्ही धरून चाललो.

न पाहिलेली गोष्ट ते बोलत नसत. आज पाऊस पडेल का विचारलं तर “दक्षिणेला ढग आहेत.” शेजारणीचं आणि तिच्या सुनेचं पटत नाही ना, असं मी एकदा खोचून विचारलं, गप्पा माराव्यात म्हणून. “सून तीन आठवडे आलेली नाही,” ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. असल्या माणसाशी कुचाळक्या तरी कशा करायच्या?

ते सैन्यात सार्जंट होते. तरुणपणी शांतिसेनेबरोबर निळं शिरस्त्राण घालून एका डोंगराळ देशात गेले होते. त्या देशाचं नाव ते घेत नसत, ‘तिकडे’ म्हणत, म्हणून मीही घेत नाही. दोन बाजूंच्या मधल्या रस्त्यावर ह्यांचा नाका. लढायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही, फक्त उभं राहायचं आणि पाहिलेलं लिहून ठेवायचं. तशा सहा वह्या त्यांनी भरल्या होत्या. तीस वर्षांनी त्या वह्यांना अचानक मोल आलं. तिकडचा एक कमांडर, दुसऱ्याच नावाने कुठल्याशा गावात राहत होता, तो पकडला गेला. त्याच्यावर युरोपातल्या एका न्यायालयात खटला उभा राहिला. एक गाव त्याने जाळलं होतं. त्या रात्री आपण तिथे नव्हतोच, असं तो म्हणत होता. त्याच्या ट्रकांची जा-ये कुणी लिहून ठेवली असेल तर ह्यांनीच.

न्यायालयाने वह्यांची टाइप केलेली प्रत मागितली. अक्षर असं की त्यांच्याशिवाय कुणाच्या बापाला वाचता यायचं नाही, आणि त्यांचे हात तोवर थरथरायला लागले होते. मी म्हटलं, मी करून देते. आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात मी नऊ वर्षं नक्कल विभागात होते. लग्न करून इकडे आले तेव्हा सरकारी नोकरी सोडली म्हणून माझ्या आईने महिनाभर अबोला धरला होता. इथे माझ्या नऊ वर्षांचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. म्हणून खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मलाच ते काम हवं होतं.

मी त्यांना आमची पद्धत सांगितली. नक्कल झाली की एकीने ती मोठ्याने वाचायची आणि दुसरीने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं. ह्याला रुजवात घेणं म्हणतात. खाली दोन सह्या असतात, एक नक्कल करणाऱ्याची, एक रुजवात घेणाऱ्याची. मुळात चूक असली तर चुकीसकट उतरवायचं. आपली अक्कल चालवायची नाही. फारच खटकलं तर समासात लिहायचं, ‘मुळात असेच.’

त्यांनी ते दोनदा ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरातल्या प्रेसमधून, म्हणजे इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्यातून बिस्किटांचा डबा काढला. पुढे मला समजलं की तो डबा कुणासाठीच निघत नसे.

आमचं काम दीड-दोन महिने चाललं. मुलगी शाळेत गेली की मी खाली जायची. त्या घरात हीटर लावायचा नाही असा नियमच होता. मी शाल, स्वेटर, वर नवऱ्याचं जाकीट घालून बसायची. ते वाचत, मी टाइप करी, मग मी वाची आणि ते मुळावर बोट फिरवीत. ‘६.४०. ट्रक तीन, उत्तरेकडे. ताडपत्री बांधलेली.’ ‘९.१५. म्हातारी एक, गाय एक. गाय लंगडते.’ रोजच्या पानाच्या तळाशी एक आकडा असे. नाक्यावरचा आडवा दांडा त्या महिन्यात आजवर किती वेळा उचलला, त्याची चालू बेरीज. दांड्याची स्प्रिंग सारखी तुटायची, म्हणून दुरुस्तीवाल्यांनी तो आकडा मागितला होता.

चौथ्या वहीत एका दिवसाची नोंद होती, ‘वाहने शून्य. शांत.’ मी वाचली, त्यांनी बोट पुढे सरकवलं. मी आकडा वाचला आणि अडले. आदल्या दिवशी एकसष्ट होते. ह्या दिवशी बासष्ट.

“वाहन एकही नाही,” मी म्हटलं, “मग दांडा कशाला उचललात?”

मी सहज विचारलं हो. नऊ वर्षांची खोड. त्यांनी वही मिटली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. उठले, कोट घातला आणि बाहेर गेले. पुढच्या खिडकीतून मला ते धक्क्याकडे जाताना दिसले. तासाभराने परत आले तेव्हा कोट चिंब झाला होता. तसेच ओल्या कोटाने खुर्चीत बसले आणि बोलायला लागले.

त्या दिवशी एक बस आली होती. ड्रायव्हरच्या शेजारी तोच कमांडर, मागे अकरा पुरुष. ह्यांनी बस थांबवली आणि वायरलेसवर विचारलं. वरून हुकूम आला, बोलणी चालू आहेत, बस जाऊ द्या आणि लिहू नका. काचांवर वाफ धरली होती. आतून कुणीतरी तळहाताने ती पुसली आणि आपलं ओळखपत्र काचेला लावून धरलं. नाव वाचावं म्हणून. ह्यांनी वाचलं. त्यांना ते ओळखपत्र दिसलं, चार बोटं दिसली, आणि त्यामागे अर्धा चेहरा. बाकी काही नाही. मग ह्यांनी स्वतःच्या हाताने दांडा उचलला.

“मी शून्य लिहिलं,” ते म्हणाले. “खालचा आकडा हाताने सवयीने लिहिला. मला माहीतच नव्हतं. आत्ता तुम्ही वाचेपर्यंत.”

ते अकरा जण पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

त्यांनी प्रेसमधून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. त्या ओळखपत्रवाल्या मुलाच्या आईचं, बारा-तेरा वर्षांपूर्वीचं. त्या नाक्यावर असलेल्या प्रत्येक सैनिकाला तिने लिहिलं होतं, माझा मुलगा तुम्ही पाहिलात का? सोबत फोटो. ह्यांनी तिला उत्तर दिलं होतं. मी विचारलं, काय उत्तर दिलंत? ते म्हणाले, “माझ्या वहीत अशी नोंद नाही.”

मला त्यांची किळस आली. आज हे लिहिताना वाईट वाटतं, पण तेव्हा आली. खोटं नव्हतं ना ते. वहीत खरंच नोंद नव्हती.

पण रात्रभर विचार केल्यावर माझा हिशेब बदलला. ह्या बसचा खटल्यात उल्लेखच नव्हता. खटला होता जाळलेल्या गावाचा, आणि तो उभा होता ह्या वह्यांवर. वह्यांवर का? तर ह्या माणसाने न पाहिलेलं कधी लिहिलं नाही आणि पाहिलेलं कधी गाळलं नाही म्हणून. एक ओळ खोटी म्हटली की सहाही वह्या गेल्या, हे कोर्टात वाढलेल्या मला कुणी शिकवायला नको. सकाळी खाली जाऊन मी म्हटलं, “राहू द्या. त्या दिवसाबद्दल कुणी विचारणार नाही. मी समासात टीप केलीये ती काढून टाकते.”

“काय टीप केलीत?”

“मुळात असेच.”

“मग ती राहू दे,” ते म्हणाले. “मला विचारलं नाही तर मी सांगणार नाही. न विचारलेलं मी कधीच सांगितलेलं नाही. पण विचारलं तर सांगेन.”

सरकारी पक्षाची वकीलबाई तरुण होती, हुशार होती. शहरात बॉल्सब्रिज भागातल्या एका कचेरीत तिने त्यांची तीन तास उजळणी घेतली. मी वह्यांची पिशवी सांभाळत बाजूला बसले होते. तिने सगळे ट्रक विचारले, सगळ्या तारखा विचारल्या. टाइप केलेल्या प्रतीत माझी टीप होती. तिच्या नजरेला ती पडली नाही. जाताना तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “त्या गावच्या बायका रोज कोर्टात येऊन बसतात,” ती म्हणाली. “तुमच्या साक्षीची वाट बघतायत.” तिने विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी बस सांगितली नाही. मीही बोलले नाही, आणि ते मला अजून खातं.

साक्ष त्याच कचेरीतून पडद्यावर झाली. त्यांनी पदकं लावली नव्हती, साधा स्वेटर-कोट. दोन तास ते उत्तरं देत होते आणि मी आयुष्यात इतकी चोख साक्ष ऐकलेली नाही. मग आरोपीचा वकील उठला. म्हातारा, दमलेला, कागद चाळत होता. त्याच्याकडे काही नव्हतं, मला दिसत होतं. केवळ रीत म्हणून त्याने विचारलं, “आपल्या ह्या वह्या पूर्ण आणि खऱ्या आहेत, असं आपण शपथेवर सांगता?”

मी मनातल्या मनात त्यांना सांगत होते. हो म्हणा. एक अक्षर. हो म्हणा आणि घरी चला.

“एक ओळ सोडून,” ते म्हणाले.

मग त्यांनी बस सांगितली. वेळ, दिशा, अकरा जण, पुढे बसलेला कमांडर. त्या मुलाचं नाव त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं, लिहून घेणाऱ्याला नीट लिहिता यावं म्हणून. पडद्यावर वकीलबाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. आरोपीच्या वकिलाने कागद चाळणं थांबवलं आणि हळूच विचारलं, “म्हणजे हुकूम आला की आपण खोटं लिहीत होता?” “एकदा,” ते म्हणाले. “एकदाच, हे आम्ही कशावरून मानायचं?” वहीबाहेरचा पुरावा त्यांच्याकडे कधीच नसे.

डार्टमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. डून लेरी येईपर्यंत वह्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती.

निकाल काही महिन्यांनी आला. वह्या विश्वासार्ह धरता येत नाहीत, असं न्यायाधीशांनी म्हटलं. कमांडर सुटला. बातमीत फोटो होता, पायऱ्यांवर तो हात वर करून उभा आणि मागे कठड्याशी काळ्या कपड्यांतल्या पाच-सहा बायका. मी तो फोटो घेऊन खाली गेले आणि त्यांच्यापुढे धरला. “बघा,” मी म्हटलं. “मोजा ह्यांना. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून ह्यांची घरं दुसऱ्यांदा जळली.”

त्यांनी फोटो नीट पाहिला. “हो,” म्हणाले. स्वतःचा बचाव केला नाही. ते जर भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी आठ दिवस खाली गेले नाही. नवव्या दिवशी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर टाकत म्हणाली, “ही डिडंट राइट मी डाउन.” मी खाली जाऊन पाहिलं. ते खिडकीशीच बसले होते, पण मांडीवर वही नव्हती. गल्लीतून बाबागाडी गेली, ते नुसते पाहत राहिले. मी चहा करून दिला. हीटर लावला. त्यांनी बंद करा म्हटलं नाही, तेव्हा मी खरी घाबरले.

असे काही महिने गेले. जेवण असं त्यांचं राहिलंच नव्हतं, डब्यातले मासे पावावर घालून उभ्या उभ्या खायचे. माझी खिचडी नेऊन ठेवली तर संपवायचे, पण ताटलीकडे न बघता. कसं वाटतंय विचारलं तर गुडघ्याचंही सांगेनासे झाले.

आणि मग त्या आईचं पत्र आलं. कुणीतरी इंग्रजीत उतरवून दिलेलं, अर्ध्या पानाचं. निकालात तिच्या मुलाबद्दल एक परिच्छेद होता, तो तिला कुणी वाचून दाखवला होता. त्या कमांडरला त्या बसबद्दल कुणी शिक्षा करणार नव्हतं, हे तिला कळलेलं होतं. तिने त्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. आभार नव्हते, शिव्या नव्हत्या. तिचं एवढंच विचारणं होतं : ‘तुम्ही त्याला पाहिलंत असं कागदात आहे. त्या दिवशी थंडी होती. त्याच्या अंगात स्वेटर होता का? सकाळी त्यावरून आमचं भांडण झालं होतं. घाल म्हणून मी त्याच्यावर ओरडले होते.’

ते पत्र तीन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं पडून होतं. मी येता-जाता पाहत होते. मला माहीत होतं ते काय लिहिणार. दिसलं नाही, असंच लिहिणार. ओळखपत्र, चार बोटं, अर्धा चेहरा. त्यापलीकडे एक धागाही त्यांनी पाहिला नव्हता, आणि न पाहिलेलं हा माणूस बोलत नाही. त्यासाठी त्यांनी अख्खा खटला घालवला होता. मी मनात ठरवूनही टाकलं होतं की, असलं उत्तर मी टाइप करणार नाही. दुसरं कुणी बघा म्हणेन.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले होते. मी लॅपटॉप उघडला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, मुलं ओरडत चालली होती. त्यांनी तिचं नाव सांगितलं, ते मी टाइप केलं.

“लिहा,” ते म्हणाले. “हो. त्याच्या अंगात स्वेटर होता.”

माझी बोटं थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर मला पुढे लिहिता आलं नसतं. ते वाक्य मी टाइप केलं. आणि मग काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, “रंग कोणता लिहू?”

“रंग लिहू नका,” ते म्हणाले. “रंग तिला माहीत आहे.”